बिनमिठाचा पहिला डाव

माझ्या मामा-मामीचं फार थोड्या गोष्टींवर एकमत होतं. पंखा किती वेगाने फिरवायचा, कुलूप लावलं की ते एकदा ओढून बघायचं की दोनदा, पाहुण्यांना किती वेळा 'बसा' म्हणायचं, सगळ्यावर वाद. पण 'आजवर कुठलं जेवण सगळ्यात आवडलं?' असं कुणी विचारलं की दोघं एकदम म्हणतात, "रस्त्यावरचं."

ऐकणाऱ्याला वाटतं, एखादं हॉटेल असेल, टपरी असेल. तसं काही नव्हतं. ते दोघं अक्षरशः रस्त्यावर जेवले होते. वीस पावलांवर ओलं डांबर वाफाळत होतं आणि बसायला सिमेंटचे पाइप होते. मी कॉलेजची चार वर्षं त्यांच्याकडे राहिले, त्यामुळे ही हकिकत मी दोघांच्याही तोंडून ऐकलीय, एकत्रही आणि वेगवेगळीही. मामा सांगतो तेव्हा मामी मधेमधे दुरुस्त्या करते. मामी सांगते तेव्हा मामा गप्प बसून तिच्याकडे बघत राहतो.

मामा वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानातले, गोदामातले, दवाखान्यात तान्ह्या बाळांना झोपवून वजन करायचे, सगळे. त्याच्याकडे निळ्या मखमलीचं अस्तर लावलेली एक लाकडी पेटी होती. तिच्यात बोटाएवढ्यापासून मुठीएवढ्यापर्यंतची पितळी वजनं ओळीने बसवलेली असत. त्यांना तो उघड्या हाताने शिवायचा नाही, कारण घामाने वजन बदलतं. मामी एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघराची प्रमुख होती. तीनशे चाळीस खाटा, तीन वेळचं जेवण, हाताखाली एकवीस माणसं. स्वयंपाकघराचा काटा बिघडला म्हणून मामा तिथे गेला होता आणि त्यांची ओळख अशी झाली. "काटा एका दिवसात दुरुस्त झाला होता," मामी सांगते, "हे मात्र आठवडाभर येत होते."

तर ही गोष्ट त्यांच्या लग्नाला अकरा वर्षं झाल्यानंतरची.

त्या वर्षी मामीचं काहीतरी बिनसलं होतं. रुग्णालयात हृदयविकाराचा एक वॉर्ड होता आणि तिथल्या रुग्णांना बिनमिठाचं जेवण जायचं. ताटं जायची तशीच परत यायची. मामीने बरेच उपाय करून पाहिले, पण काही केल्या जमेना. एके दिवशी दुपारी एका रुग्णाची मुलगी न शिवलेलं ताट हातात घेऊन थेट स्वयंपाकघरात आली. ताट ओट्यावर ठेवून म्हणाली, "माझे वडील चार दिवस उपाशी आहेत. हे तुम्ही खाऊन दाखवा."

सगळे कामाचे हात थांबले. मामीने चमचा घेतला आणि उभ्याउभ्या ते सगळं ताट संपवलं. गार झालेल्या भातासकट. मग ताट स्वतः घासलं. ती मुलगी निघून गेली.

"रागावली असती तर बरं झालं असतं," मामी म्हणते. "ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती."

त्या दिवसापासून मामीची भूकच गेली. दिवसभर चमच्याच्या टोकावर घेऊन चव बघायची आणि घरी येऊन म्हणायची, 'माझं झालंय.' मामा आपलं ताट वाढून घ्यायचा, तीही समोर बसायची आणि पाण्याचा पेला फिरवत राहायची. असे चार-पाच महिने गेले. मग तिने घरात कुणालाही न सांगता दुसऱ्या गावच्या रुग्णालयात अर्ज टाकला, कपड्यांच्या कोठारासाठी. चादरी, उशांचे अभ्रे, रुग्णांचे गाऊन मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे.

मुलाखतीचं पत्र आलं तेव्हाच मामाला कळलं.

"चादरी?" मामा म्हणाला.

"त्यासुद्धा परत येतातच," मामी म्हणाली. "पण मळून येतात. म्हणजे कुणीतरी वापरलेल्या तरी असतात."

मामाने पत्रावरची तारीख पुन्हा बघितली. तो म्हणाला, "मी सोडतो गाडीने."

मुलाखत दुपारी तीनची होती, रस्ता पाच तासांचा. सकाळी साडेसातलाच दोघं मामाच्या छोट्या व्हॅनमधून निघाले. मागे काटे, पेटी, हत्यारं असा नेहमीचा पसारा होताच. मामीने इस्त्रीची साडी नेसली होती आणि मांडीवर कागदपत्रांची फाइल घट्ट धरली होती. घाटाच्या अलीकडे, साडेदहाच्या सुमाराला, पुढच्या गाड्या थांबलेल्या दिसल्या.

रस्त्याचं काम चालू होतं. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खोल ओढा, आणि मधल्या अरुंद पट्ट्यावर डांबर घालणं चाललं होतं. त्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये रोलर आडवा बंद पडला होता. त्याचा तेलाचा पाइप फुटला होता. नवा पाइप तालुक्याहून यायचा होता आणि तो घेऊन येणारा माणूस नुकताच मोटारसायकलवर बसून गेला होता.

मुकादम नारिंगी जाकीट घालून गाडीगाडीपाशी जाऊन हात जोडत होता. "चार तास लागतील साहेब. पाचही लागतील. मी खोटं कशाला बोलू."

मामीने घड्याळ बघितलं, मग खिडकीतून बाहेर बघत राहिली. मागे आणखी गाड्या येऊन लागल्या, त्यामुळे परत वळायचीही सोय उरली नाही. फोनला रेंज नव्हती. एक बस, कोबी भरलेला एक ट्रक, पाच-सहा मोटारी आणि यांची व्हॅन, असे सगळे मिळून चौतीस लोक तिथे अडकले.

अर्ध्या तासाने मामा पाय मोकळे करायला उतरला. जाऊन आला तो घाईघाईने.

"अगं, जरा उतर. एक बघायला ये."

"काय?"

"तिथे एक बाई स्वयंपाक करतायत."

"मला नाही बघायचं कुणाचं स्वयंपाकघर."

"स्वयंपाकघर कुठंय? रस्त्याच्या कडेला उघड्यावर चाललंय सगळं. ये तर."

मामी उतरली. तिच्या म्हणण्याप्रमाणे ती उतरली ती पाठ अवघडली म्हणून. मामाच्या म्हणण्याप्रमाणे ती वासाने उतरली. डांबराच्या उग्र वासातूनही कांदा परतल्याचा वास येत होता, आणि तो साधासुधा नव्हता.

कडेला, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीच्या कठड्यापाशी, ताडपत्री ताणली होती. तिच्याखाली पिंप कापून केलेली चूल आणि तिच्यावर माणूस आत बसेल एवढं ॲल्युमिनियमचं पातेलं. पातेल्यामागे एक बाई उभ्या होत्या. वय साठीच्या आसपास, अंगाने इतक्या बारीक की पदर वाऱ्यावर उडाला की मागे कुणी आहे की नाही अशी शंका यावी. रस्त्यावरचे लोक त्यांना काडीबाई म्हणायचे. काडी म्हणजे आगपेटीतली. "बारीक म्हणून ठेवलंय नाव," मुकादमाने मामाला हळूच सांगितलं, "पण लगेच पेटते, म्हणून टिकलंय."

काडीबाईंचा रोजचा स्वयंपाक चौदा माणसांचा. डांबर घालणारे, खडी पसरणारे, मुकादम आणि रोलरवाला. त्या दिवशी मसूर, बटाटे आणि कांदा एकत्र शिजवलेला दाट रस्सा होता, आणि पाव. पाव पाण्याच्या टँकरबरोबर दोन दिवसांचे एकदम यायचे.

त्यांनी गाड्यांच्या रांगेकडे एक नजर टाकली आणि मुकादमाला विचारलं, "किती माणसं?"

"चौतीस."

"पोरं?"

"त्यातलीच सहा."

काडीबाईंनी पातेल्यात डोकावून बघितलं. मग म्हणाल्या, "हे चौदा जणांचं आहे. तासभर थांबायला सांग सगळ्यांना."

"बाई, उद्याचे पाव जातील मग."

"उद्या रस्ता बंद आहे का?"

"नाही."

"मग उद्या तू जा पाव आणायला."

मुकादम हसत गेला. थोड्या वेळाने कोबीच्या ट्रकचा चालक दोन्ही काखांत दोन-दोन कोबी घेऊन आला आणि ताडपत्रीखाली ठेवून आणखी आणायला वळला.

मामी कडेला हाताची घडी घालून उभी होती. बघायचंच नाही म्हणणारी मामी आता पातेल्यावरून नजर काढत नव्हती. दुसऱ्या चुलीवर एका पसरट कढईत बारीक चिरलेला कांदा होता. तो लाल झाला, तपकिरी झाला, तरी काडीबाई काही तो उतरवेनात. शेवटी मामीला राहवेना.

"अहो, आच कमी करा. करपेल तो."

काडीबाईंनी मान वर केली. मामाने मनात म्हटलं, पेटली काडी.

"करपतो कधी आणि काळा होतो कधी, ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "हात रिकामे असतील तर कोबी चिर."

एकवीस माणसांवर हुकमत चालवणाऱ्या माझ्या मामीने इस्त्रीच्या साडीचा पदर खोचला, फाइल मामाच्या हातात दिली आणि पाटावर बसून कोबी चिरायला घेतला. पाच मिनिटांत दोन कोबी संपले. सुरी चालायची पद्धत बघून काडीबाईंचा आवाज जरा खाली आला.

"कुठे शिकलीस?"

"दवाखान्यात."

"डॉक्टर आहेस?"

"नाही. स्वयंपाक बघते तिथला."

"म्हणजे आजाऱ्यांना जेवू घालतेस." काडीबाईंनी हनुवटीने रस्त्याकडे खूण केली. "माझ्याकडे असा एकच आहे. तो बघ."

बंद रोलरच्या सावलीत एक अवाढव्य माणूस बसला होता. तोच रोलरवाला. दोन वर्षांपूर्वी कामावर चक्कर येऊन पडला होता, तेव्हापासून डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं.

"मग त्यांच्यासाठी काय करता?" मामीने विचारलं. तिच्या हातातली सुरी थांबली होती, हे मामाने दुरूनही बघितलं.

"तुझ्यासमोरच करतेय की."

कोबी पातेल्यात गेला, दोन वाफा आल्या, मसूर मोडला. मिठाचा डबा काडीबाईंच्या उजव्या हाताशीच होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. आधी डाव घेतला, पातेल्याच्या मधून, जिथे रस्सा सगळ्यात दाट होता तिथून तीन डाव भरून एका छोट्या पातेलीत काढले. कढईतला तो गडद कांदा त्यात घातला, चांगला मूठभर. ठेचलेला लसूण दोन थेंब तेलात तडतडवून वर ओतला. लिंबू पिळलं. झाकण ठेवलं आणि ती पातेली चुलीच्या सगळ्यात उबदार कोपऱ्यात सरकवली. हे सगळं झाल्यावर मग मोठ्या पातेल्यात मीठ पडलं.

"त्यांचं आधी काढता?" मामी म्हणाली.

"मग कधी काढू? मीठ घातल्यावर?"

ताडपत्रीच्या बाहेर उभे असलेले दोघे-तिघे हसले. मामी हसली नाही.

"आम्ही वेगळं शिजवतो त्यांचं," ती हळू म्हणाली. "सगळ्यात शेवटी. मोठी पातेली उतरली की मग."

काडीबाईंनी डाव कडेवर आपटून झटकला. "शेवटी शिजवतेस तेव्हा तुझ्याकडे काय उरलेलं असतं सांगू? थकवा. तोच पडत असेल पातेल्यात."

मामी सांगते की हे वाक्य ऐकून तिला राग यायला हवा होता. पण काडीबाई ते बोलल्या अशा, की जणू पाणी कमी पडलंय, आणखी पेलाभर घाल, एवढंच सांगत होत्या. तिला एकदम आपलं स्वयंपाकघर दिसलं. साडेअकरा वाजता घामाघूम झालेले स्वयंपाकी, 'आता ते बिनमिठाचं राहिलंय' असं म्हणत कुणीतरी उचललेलं लहान पातेलं, पाण्यात उकडलेल्या भाज्या. तिथे कुणी वाईट माणूस नव्हता. फक्त सगळे दमलेले असायचे.

वाढायला सुरुवात झाली. बसमधली माणसं, मोटारींतली माणसं आणि अंगावर डांबराचे डाग असलेली माणसं एकाच रांगेत उभी राहिली. ताटल्या बावीसच होत्या, म्हणून जेवून झालेल्यांनी धुऊन पुढच्याला द्यायच्या. एका मोटारीतले सूट घातलेले गृहस्थ बाह्या वर करून ताटल्या विसळायला बसले.

आणि इथे मामाची स्वतःची गोष्ट सुरू होते. काडीबाई बोलत होत्या, ओरडत होत्या, पोरांना चुलीपासून लांब करत होत्या, आणि त्यांचा डाव मात्र पातेल्यात जाऊन ताटलीत रिकामा होत होता, एका लयीत. मामाचा डोळा अशा बाबतीत गप्प बसत नाही. तो व्हॅनमधून छोटा काटा घेऊन आला, कठड्यावर ठेवला, पाणसळ लावून समतोल केला आणि रांगेतल्या लोकांना विनंती करून ताटल्या ठेवायला लागला.

रश्श्याचं वजन तीनशे वीस ग्रॅम. मग तीनशे सव्वीस. तीनशे अठरा. परत तीनशे वीस.

"काय हो भाऊ," काडीबाई तिथूनच ओरडल्या, "माझी चोरी पकडताय?"

"नाही हो बाई," मामा म्हणाला. "माझा काटा बरोबर आहे का ते बघतोय."

ही गोष्ट सांगताना मामा इथे नेहमी थांबतो. तो म्हणतो, "मी तीस वर्षं लोकांचे काटे तपासले. मनगटात काटा असलेलं माणूस मी एकदाच पाहिलं." मामाचं कौतुक असंच असतं, आकड्यांसकट.

रोलरवाल्याची ताटली काट्यावर आली तेव्हा मात्र पाचशेच्या वर गेली.

"आणि यांना जास्त का?" मामाने विचारलं.

"त्याचा आकार बघा की," काडीबाई म्हणाल्या.

रोलरवाला सिमेंटच्या पाइपावर बसून जेवायला लागला. मामी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, एक विचारू? जरा... चव बघू का?"

त्याने वर बघितलं, पावाचा कोरा तुकडा मोडून तिच्या हातात दिला आणि ताटली पुढे केली. "घ्या ना ताई. बिनमिठाचं आहे बरं का, आधीच सांगतो."

मामीने पाव बुडवला, खाल्ला आणि तशीच उभी राहिली. ती म्हणते, आधी लिंबू लागलं, मग लसूण, आणि मग बराच वेळ तो कांदा, कडू होता होता गोड झालेला. मिठाची आठवण झाली ती घास गिळल्यावर.

"रोज असंच असतं?" तिने विचारलं.

"रोज," रोलरवाला म्हणाला. "पहिल्या वर्षी मी बायकोला सांगायचो की मला घरी येऊन तुझ्या हातचं जेवायचंय. आता सुट्टीवर गेलो की तिला सांगतो, तू काडीबाईंना विचारून ये." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "मला ताटली सगळ्यांबरोबर मिळते ना ताई. कुणी म्हणत नाही, थांब, तुझं वेगळं यायचंय."

मामी परत आली, स्वतःची ताटली घेतली आणि मामाशेजारी पाइपावर बसली. सगळं जेवली. पावाने ताटली पुसून घेतली. मग उठली, पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली आणि दुसऱ्यांदा वाढून घेऊन आली.

मामाने आपलं जेवण थांबवलं होतं. चार-पाच महिन्यांत त्याने तिला दोन घासांच्या वर खाताना बघितलं नव्हतं. तिला कळू नये म्हणून तो ओढ्याकडे तोंड करून बसला.

"काय झालं?" मामीने विचारलं. "तुम्ही का थांबलात?"

"तिखट आहे जरा," मामा म्हणाला.

"अजिबात तिखट नाहीये."

"मला लागतंय."

मामी सगळ्यांना सांगते की त्या जेवणाने तिला काय शिकवलं. मामाने मला एकटीला, एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना सांगितलं, "मला विचारशील तर त्या दिवशी रश्श्यात काय होतं, मला धड आठवत नाही. ती दुसऱ्यांदा उठली, तेवढं आठवतं."

रोलरचा नवा पाइप सव्वातीनला आला. रोलर बाजूला व्हायला साडेचार वाजले. तोपर्यंत मामीने काडीबाईंची मोठी पातेली घासून दिली होती आणि कांद्याबद्दल इतके प्रश्न विचारले होते की त्या शेवटी म्हणाल्या, "अगं बाई, तो कांदा आहे, माझा नवरा नाही. एवढं काय विचारतेस त्याच्याबद्दल?"

व्हॅन सुरू करून मामाने विचारलं, "पुढे जायचं? उशीर झाला, पण कारण सांगू. माणसंच आहेत तीही, ऐकतील."

"वळवा गाडी," मामी म्हणाली.

"आणि चादरी?"

"माझ्यावाचून धुतल्या जातील."

पुढचं सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी मामीने जाहीर केलं की आजपासून बिनमिठाचं आधी निघणार. सगळ्यात जुने स्वयंपाकी, ज्यांना सगळे दादा म्हणायचे, त्यांनी ॲप्रन काढून खुंटीला लावला. "सकाळी सातला मी आधी बेचव शिजवू?" मामी म्हणाली, "बेचव शिजवूच नका." ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पहिल्याच खेपेला बारा किलो कांदा जळला आणि धूर थेट बाह्यरुग्ण विभागापर्यंत गेला. काडीबाईंच्या एका कढईतलं तंत्र तीनशे चाळीस खाटांना कसं लावायचं हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. मग चार लहान कढया आणल्या. आहारतज्ज्ञ बाईंना बरोबर घेऊन कुणाला काय चालतं ते कागदावर बसवलं. मूत्रपिंडाच्या रुग्णांचं लिंबूही वगळलं. आणि सगळ्यात आधी, कामाचे हात ताजे असताना, पहिला डाव हृदयाच्या वॉर्डाचा काढायचा, हा नियम झाला. मामाने स्वयंपाकघराच्या दाराशी एक काटा बसवून दिला. परत आलेलं उष्टं त्यावर तोलायचं.

तिसऱ्या आठवड्यात त्या वॉर्डातून फोन आला. सिस्टरचा आवाज घाबरलेला होता.

"मॅडम, काहीतरी चूक झालीय. खालून मिठाचं जेवण आलंय."

"नाही आलेलं."

"मग दहा नंबरचे आजोबा आणखी का मागतायत?"

पाठोपाठ हृदयाचे डॉक्टर स्वतःच खाली आले, चांगलेच तापलेले. मामीने एका वाटीत रस्सा वाढला आणि चमचा पुढे केला. डॉक्टरांनी चाखला. पुन्हा चाखला. मग त्यांनी पातेल्याजवळ उभ्या असलेल्या दादांकडे संशयाने बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय साहेब?" दादा म्हणाले. "मीठ कपाटात आहे आणि किल्ली मॅडमकडे आहे."

डॉक्टर वाटी संपवून गेले. त्या महिन्यात त्या वॉर्डाचं उष्टं दिवसाला अकरा किलोंवरून चारवर आलं. दादांनी तो आकडा खडूने दारावर लिहिला आणि त्यानंतर सात वाजता पहिली कढई दुसऱ्या कुणाला चढवू दिली नाही.

मामीला हे काडीबाईंना कळवायचं होतं. पण त्यांचं खरं नावसुद्धा तिने विचारलं नव्हतं. तिने रस्त्याच्या कंत्राटदाराच्या कचेरीत पत्र टाकलं, 'काडीबाईंना मिळावे' असं लिहून. उत्तर आलं नाही. सहा-सात महिने उलटले आणि एके दिवशी ऐन जेवणाच्या वेळी स्वयंपाकघरातला फोन वाजला.

"कोण बोलतंय?" मामीने विचारलं.

"पत्र तू टाकतेस आणि मलाच विचारतेस कोण? मुकादमाने वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं." पलीकडे यंत्राची घरघर ऐकू येत होती. "किती माणसं म्हणालीस, तीनशे चाळीस?"

"हो."

पलीकडून काडीबाईंनी डाव कडेवर आपटल्याचा आवाज आला.

"माझ्याच्याने नसतं झालं एवढं," त्या म्हणाल्या. "मी एकाचं करते. बरं, ठेवते. पातेलं वर आहे."

"अहो थांबा, तुम्ही आहात कुठे आता?"

"पुलावर. नदीपलीकडे जायचा रस्ता धर आणि रस्ता संपला की मी आहे."

पुढच्या सुट्टीत दोघं खरोखरच निघाले. मामाने व्हॅन धुऊन घेतली, मामीने आठवडाभर आधी तयारी केली, काय न्यायचं यावरून तीन वेळा भांडण झालं. शेवटी मामाने चार चांगल्या सुऱ्या घेतल्या आणि मामीने एक जाड बुडाची कढई. रस्ता विचारत विचारत, दोन ठिकाणी चुकून, अकराच्या सुमाराला ते अर्धवट बांधलेल्या पुलाशी पोहोचले. ताडपत्री लांबूनच दिसली.

काडीबाईंनी दोघांना येताना पाहिलं, पण डाव खाली ठेवला नाही. कढई हातात घेतली, बोटाने वाजवून बघितली आणि चुलीमागे ठेवून दिली.

"बरी वेळेवर आलीस," त्या मामीला म्हणाल्या. "आज वीस माणसं जास्त आहेत. बटाटे त्या पोत्यात आहेत." मग मामाकडे वळून बघितलं. "भाऊ, तुम्ही काटा राहू द्या आणि नदीवरून पाणी आणा."

मामाने दोन बादल्या उचलल्या आणि उतारावरून नदीकडे चालायला लागला.